गुणवंतरावांच्या डाव्या कानामागे

मला पहिल्यांदा हातात घेणारा माणूस हमखास विचारतो, "हा काजू कुठला?" मित्रांनो, मी काजू नाही. मी एक जुने कानाचे यंत्र आहे. कानामागे बसतो, एक नळी कानात सोडतो आणि बाहेरचा आवाज मोठा करून आत पोचवतो. माझे वय सात वर्षे. तुम्हाला ते थोडे वाटेल, पण आमच्या जातीत सात वर्षांचा म्हणजे नातवंडे पाहिलेला समजतात.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मला डोळे नाहीत. माझा रंग मातकट आहे, हेसुद्धा मी लोकांच्या तोंडून ऐकले आहे. त्यामुळे ही सगळी कथा ऐकीव आहे. जगात ऐकीव गोष्टीला कोणी किंमत देत नाही. माझा मात्र जन्मच ऐकण्यासाठी झाला, तेव्हा मला त्याची लाज वाटत नाही.

माझा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला. तिथे जन्मताच आमची परीक्षा घेतात. एक बारीक शिट्टी वाजवतात आणि ती ऐकून आम्ही पुढे नीट पोचवतो का, ते बघतात. मी पास झालो. मग खोक्यात बंद होऊन ट्रकने, पुन्हा ट्रकने आणि शेवटी एका जीपने ब्रह्मपुरीच्या शिबिरात आलो. म्हाताऱ्यांना यंत्रे वाटण्याचे शिबिर होते ते. एका मंडपात इतकी माणसे एकमेकांशी इतक्या मोठ्याने बोलत होती की मला वाटले, ही सगळी भांडत आहेत. नंतर कळले, कोणालाच काही ऐकू येत नव्हते.

तिथे मला गुणवंतरावांच्या डाव्या कानामागे बसवले. सोबत त्यांची सून दीपिका होती. ती गावच्या अंगणवाडीत काम करते, आणि आमच्याकडे सुना सासऱ्यांना म्हणतात तसे त्यांना मामाजी म्हणते. डॉक्टरांनी विचारले, "आता ऐकू येतंय का, आजोबा?" गुणवंतराव उठले, चार पावले चालले, थांबले आणि पुन्हा चार पावले चालले.

"माह्या चपला इतक्या वाजतात?"

"वाजतात, मामाजी. साऱ्या गावाले मालूम हाय," दीपिका म्हणाली आणि हसता हसता तिने नाक ओढले. मला वाटते ती रडत होती. तो माझ्या नोकरीचा पहिला दिवस.

आता हे गुणवंतराव कोण, ते सांगायला हवे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. धान घरात येते, पाहुणे गावात येतात आणि मंडप उभा राहतो. नट आज एका गावी, उद्या दुसऱ्या. तालमीला वेळ कोणाला? म्हणून विंगेत एक माणूस नाटकाची वही घेऊन बसतो आणि प्रत्येक वाक्य हळूच नटाकडे फेकतो. नट ते उचलतो, त्यात जीव ओततो आणि टाळ्या घेतो. त्या वहीवाल्याला प्रॉम्प्टर म्हणतात. टाळ्या नटाच्या आणि घसा प्रॉम्प्टरचा, असा तो व्यवहार.

गुणवंतराव तीस हंगाम प्रॉम्प्टर होते. त्यांचा आवाज म्हणे असा होता की नटाला नेमका ऐकू जावा आणि पहिल्या रांगेत बसलेल्याला जाऊ नये. आणि त्यांचा एक नियम होता. मंचावर दोन श्वासांपेक्षा जास्त कोणी गप्प राहिला तर तो वाक्य विसरला असे समजायचे आणि फेकायचे. "मंचावर चूप झाला तो मेला," असे ते म्हणत. गंमत म्हणजे तीस वर्षे नाटकात काढून त्यांनी एकही नाटक समोरून पाहिले नव्हते. सगळी आयुष्यभर बाजूनेच, तीही डोके वहीत खुपसून.

त्यांच्या वाक्यांवर सगळ्यात जास्त नाव कमावले ते ज्योत्स्नाने. ती वीस वर्षे नायिका होती आणि वीस वर्षांत तिने एकही वाक्य पाठ केले नाही. गुणवंतभाऊ बसले आहेत ना विंगेत, मग डोक्याला ताप कशाला? भाऊ जे फेकतील ते ती बोले, आणि मंडपातल्या बाया पदराला डोळे पुसत.

मग गुणवंतरावांचे कान गेले. एका दिवसात नाही, हळूहळू गेले, आणि त्यांनी ते कोणाला सांगितले नाही. मी येण्याच्या वर्षभर आधी, सिंदेवाहीकडच्या एका गावात नाटक रंगात आले असताना त्यांच्याकडून वहीची दोन पाने एकदम उलटली गेली. मंचावर काय चालले आहे ते ऐकू येत नव्हते, आणि आपला आवाज किती चढला आहे तेही कळत नव्हते. त्यांनी पुढच्या प्रवेशातले वाक्य फेकले, तेही मंडपभर ऐकू जाईल असे. आणि ज्योत्स्नाने सवयीने ते उचलले. "दादा, मला सोडून कसा गेलास!" म्हणून तिने हंबरडा फोडला. दादा शेजारीच उभा होता, चांगला धडधाकट, हातात पाण्याचा पेला घेऊन.

माणसे हसून हसून लोळली म्हणे. त्या हंगामभर गावोगावी तोच विषय होता. पुढच्या वर्षी गुणवंतरावांना कोणी बोलावले नाही, ते ठीकच. पण ज्योत्स्नालाही नायिकेचे काम मिळाले नाही. कुठे सासू, कुठे मोलकरीण, तेवढेच. गुणवंतरावांनी वह्या बांधून माळ्यावर टाकल्या. ज्योत्स्नाने त्यांना एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि हे म्हणे त्यांना जास्त लागले. त्यानंतर दोघे भेटले नाहीत.

मी आलो तेव्हा घरात आनंद होता. पहिले सहा महिने माझे फार कौतुक झाले. पाहुण्यांना मला काढून दाखवत. पण कौतुक शिळे व्हायला वेळ लागत नाही. मी कधी शिट्टी मारतो, कधी भांड्यांचा आवाज उगाच मोठा करतो. शिवाय कान आले म्हणून करायचे काय, हा गुणवंतरावांचा प्रश्न होता. ज्या आवाजांसाठी ते जगले, तिकडे तर ते फिरकत नव्हते. एका पावसाळ्यात मला ओल लागली, तेव्हा दीपिकाने मला सुकायला तांदळाच्या डब्यात ठेवले. मी बरा झालो, पण मला परत कानामागे बसवायची आठवण कोणाला राहिली नाही, आणि मागितले कोणीच नाही. दोन वर्षे मी तांदळात होतो. एकदा मापातून उसळून आधणाच्या काठापर्यंत जाऊन आलो. दीपिकाने वेळेवर पाहिले, नाहीतर ही कथा भाताबरोबर शिजली असती.

गेल्या हिवाळ्यात ज्योत्स्नाचा फोन आला. मी तेव्हा डब्यात होतो, पण दीपिकाने स्पीकर लावून फोन डब्यावरच ठेवला होता, आणि त्याच आठवड्यात मला तपासायला नवा सेल घालून पुन्हा डब्यात ठेवले होते.

"दीपिका, ब्रह्मपुरीच्या हॉलमंधी माह्या नाटकाचा पयला खेळ हाय. उद्या दुपारी चार वाजता. मी येकटीच हाव नाटकात. भाऊले आनजो."

"येकटीच? अन् प्रॉम्टर?"

"प्रॉम्टर नाई ठेवला. पाठ केलं. सा महिने लागले." ती थोडी थांबली. "हे जमलं तं जमलं. नाई तं आता मोलकरनीचे काम बी कोनी देत नाई मले. म्हनून म्हन्तो, भाऊ पाह्यजे मले तिथी."

दीपिकाने मला तांदळातून काढले, फुंकर मारली आणि सासऱ्यांच्या हातात ठेवले. गुणवंतराव आधी चिडले. "येकटी बाई दोन तास काय बोलन? अन् इसरली तं कोन देईन तिले?"

"म्हनूनच चला ना, मामाजी."

"मी काऊन जाऊ? येकडाव तिचं नाक कापलं म्या. आता काय पाहाले जाऊ?"

"तिनं बलावलं म्हनून."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या कानामागे बसून शेअर जीपने ब्रह्मपुरीला गेलो. वाटेत ते एकच गोष्ट चार वेळा बोलले: "मी फकत पाहीन. तोंड उघडनार नाई."

त्या हॉलमध्ये पंखे होते. एकूण नऊ, त्यातले दोन किरकिरणारे. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. भोवताली साड्यांची सळसळ, बांगड्या, चुलबुळ करणाऱ्या खुर्च्या. मग दिवे गेले असावेत, कारण माणसे एकदम गप्प झाली आणि समोरून एका बाईच्या चालण्याचा आवाज आला.

नाटक धुरपता नावाच्या बाईचे होते. तिचा नवरा मोहफुले वेचायला जंगलात गेला आणि त्याला वाघाने नेले, एवढीच गोष्ट. ज्योत्स्ना एकटीच सगळे बोलत होती. सासू झाली की आवाज खरखरीत व्हायचा, "सुकलू, ये सुकल्या, पोरगा कुठी गेला माहा!" शेजारीण झाली की नाकातून बोलायची. शेळी झाली तेव्हा माझ्या मागची एक मुलगी खिदळली.

"दुसरे पात्रं कवा येतीन?" गुणवंतरावांनी विचारले.

"नाई येत, मामाजी. सारे तिच्याच पोटात हायेत."

पहिला अर्धा तास त्यांचे ओठ हलत होते. माझ्या नळीला ते कळते. प्रत्येक वाक्याआधी ते श्वास घेत, जणू फेकणार आता. आणि वाक्य त्यांच्याशिवाय येई. असे चाळीस-पन्नास वेळा झाल्यावर त्यांचा श्वास हळूहळू सरळ झाला. त्यांना नाटक दिसू लागले होते. तीस वर्षांत पहिल्यांदाच समोरून.

शेवटाला जंगल खात्याचा साहेब पंचनामा लिहायला येतो. तो साहेबही तीच.

"बाई, नवऱ्याचं नाव सांगा. नावाशिवाय कागद पूर्ण होत नाही."

मग ती पुन्हा धुरपता झाली. "बावीस वर्सं झाले लग्नाले, साहेब. येकडाव बी त्यायचं नाव तोंडानं नाई घेतलं. हाक माराची तं 'आयकता का' म्हनो. नवऱ्याचं नाव घेतलं तं त्याचं आयुस्य कमी होते म्हन्तेत. आता तुमी म्हन्ता नाव घे, तवाच तो मेला असं लिहिता येते."

आणि ती गप्प झाली.

एक श्वास. दोन श्वास. पंखे फिरत होते. हॉलमधल्या बायांना ती का गप्प आहे हे कळले होते. एकीचीही बांगडी वाजली नाही. तीन. चार. पाचव्याला गुणवंतरावांनी मला बोटाने ठोकले, टक टक. त्यांना वाटले, माझा सेल गेला. मी ती टकटक इमानदारीने त्यांच्या कानात पोचवली. म्हणजे यंत्र चालू आहे. सहा. सात. यंत्र चालू आहे आणि बाई गप्प आहे, म्हणजे दुसरे काय? आठ. नऊ.

"सुकलू," ते म्हणाले.

कोरडा, सपाट, स्वच्छ आवाज. प्रॉम्प्टरचा. मित्रांनो, मी तो आवाज त्यांच्याच कानात तसाच्या तसा ओतला, कारण माझे कामच ते. आपण बोललो आणि ते हॉलभर गेले, हे त्यांना माझ्यामुळेच कळले. सिंदेवाहीकडे मी नव्हतो, तेव्हा लोकांचे हसणे त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते. आज मागच्या रांगेतले फुसकन हसणे, कोणाचे तरी "शूऽऽ", सगळे पोचले. त्या वेळी मला माझा सेल खरोखरच संपावा असे वाटले.

गुणवंतराव उठू लागले. खुर्ची करकरली. दीपिकाने त्यांचा हात धरून खाली बसवले. आणि मी वाट पाहू लागलो की आता ज्योत्स्ना सवयीने ते उचलणार. वीस वर्षे त्यांनी फेकले आणि तिने उचलले. दोघांचीही हाडामांसाची सवय.

तिने उचलले नाही. पावले दोन आमच्या बाजूला आली. आवाज आमच्या दिशेने वळला.

"आयकलं का, साहेब? गावातलं कोनी सांगतलं नाव. लिवा तुमी." मग जरा थांबून, अगदी हळू, "पर मी नाई घेतलं. त्यायले सांगजा कोनी. धुरपतानं नाई घेतलं."

हॉलमध्ये काही क्षण नुसते पंखे होते. मग टाळ्या आल्या, इतक्या की मी शिट्टी मारू लागलो आणि दीपिकाला माझा आवाज कमी करावा लागला.

गुणवंतराव कोणाला न भेटता बाहेर आले आणि पायऱ्यांवर बसले. थोड्या वेळाने ज्योत्स्नाची पावले आली.

"तुह्यं नाटक म्या दुसऱ्यांदा पाडलं, बाई."

"कुठी पडलं? लोकं बसले हायेत अजून अंदर."

"वहीत काय होतं त्या जागेवर?"

"दहा श्वास चूप राहाचं, अन् मंग नाव घ्याचं. बस. नाटक तिथीच संपते."

"मंग ते दुसरं वाक्य? ते कोनं फेकलं तुले?"

"कोनी नाई फेकलं, भाऊ."

गुणवंतराव म्हणाले, "त्या दिवशी मंडपात म्या चुकलो. तुले बोलता बी आलं नाई मले."

"तुमी चुकले. पन मी बी बह्याडावानी, येड्यावानी बोललीच ना? दादा बाजूले उभा दिसून राह्यला होता मले. डोये होते, तरी मी तुमचंच आयकत होती." ती हसली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. "परवा वडश्याले खेळ हाय. असंच करू. तिसऱ्या रांगेत बसजा अन् आजच्यावानी नाव फेकजा. लोकायले आवडलं."

मला वाटले, म्हातारा आनंदाने उडी मारणार. सात वर्षांनी कोणीतरी त्यांना वाक्य फेकायला बोलावत होते. पण ते म्हणाले, "नाई."

"काऊन?"

"ते नाव त्या बाईचं हाय. वीस साल तुह्या तोंडात म्या शब्द टाकले. हा येक तं तू घे."

तिसऱ्या दिवशी आम्ही वडश्याला होतो. गुणवंतरावांनी निघण्यापूर्वी स्वतः दीपिकाकडे नवा सेल मागितला. याआधी त्यांनी तो कधीच मागितला नव्हता. तिथल्या हॉलमध्ये पंखे कमी आणि खोकणारी माणसे जास्त होती. सासू झाली, शेजारीण झाली, शेळी झाली, साहेब आला. साहेबाने नाव विचारले आणि ती गप्प झाली.

गुणवंतरावांचा श्वास कापडातून येऊ लागला. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याचे टोक तोंडात धरले असावे. एक, दोन, तीन. पाचव्याला बोट माझ्यापर्यंत आले, पण ठोकले नाही. नुसते टेकून राहिले. सात. आठ. नववा श्वास अडखळला. दहा. ती अजून गप्प. अकरा. मागे कोणी खोकले. बारा.

"सुकलू."

समोरून आले, आणि इतके हळू की मागच्या रांगांना ऐकू गेले नसेल. गेले नसले तरी चालेल. मला गेले, आणि मी ते जसे आले तसे, त्यातल्या थरथरीसकट, गुणवंतरावांना दिले. सात वर्षांच्या नोकरीत मी याहून मोठे काम केलेले नाही. ते टाळ्या वाजवायला विसरले. दीपिकाने विचारले, "आयकू आलं का, मामाजी?" त्यावर ते एवढेच म्हणाले, "आलं." आणि दुपट्ट्याने तोंड पुसले. डोळे पुसले असतील तर मला ते दिसण्याचा प्रश्नच नाही.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. आतून एक बारीक खरखर येत असते आणि कधीतरी माझ्या जागी नवा कोणी येईल. माझे मागणे फार नाही. तुमच्या घरी कोणा म्हाताऱ्या माणसाकडे माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याचा सेल वेळेवर बदला. "आता ऐकून काय करायचे आहे तुम्हाला?" असे त्यांना म्हणू नका. रात्री त्याच्या सेलचे झाकण उघडे ठेवा, म्हणजे आतली ओल सुकते. तांदळात ठेवलेत तर भात टाकण्याआधी डब्यात हात घालून बघा. आणि कोणी बोलता बोलता थांबले, तर घाईने त्याच्या तोंडात शब्द घालू नका.

परवा दीपिका अंगणवाडीतून आली आणि दारातच म्हणाली, "मामाजी, आज ना..." आणि थांबली. पूर्वीचे गुणवंतराव लगेच म्हणाले असते, "काय झालं, मॅडम रागावली?" आता ते गप्प राहिले. मी सवयीने मोजले. सात श्वास झाले, आणि मग ती बोलली. काय बोलली, ते मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. ते वाक्य तिचे आहे.